सवय कुणाची? : सवयीच्या पुस्तकांची एक तपासणी

रेल्वे स्थानकावरचा पुस्तकांचा गाळा असो किंवा तालुक्याच्या गावी भरणारे ग्रंथप्रदर्शन, मराठी पुस्तकांच्या मांडणीत गेल्या काही वर्षांत एक फरक सहज दिसतो. कादंबऱ्या आणि चरित्रांच्या शेजारी, बरेचदा त्यांच्याही पुढे, ‘स्वतःला घडवा’ छापाची पुस्तके रचलेली असतात. त्यांतही सवयीवरच्या पुस्तकांचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला आहे. पहाटे उठण्याची सवय, बचतीची सवय, वाचनाची सवय, मोबाइल खाली ठेवण्याची सवय. या वर्गाची आजची दोन प्रमुख इंग्रजी पुस्तके म्हणजे चार्ल्स डुहिग यांचे ‘द पॉवर ऑफ हॅबिट’ (२०१२) आणि जेम्स क्लिअर यांचे ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ (२०१८). दुसरे मराठीतही आले. त्यांच्या आधाराने बोलणारे वक्ते शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून बँकांच्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत सगळीकडे भेटतात.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर वाचल्या जाणाऱ्या या वाङ्मयाकडे मराठी समीक्षेने मात्र जवळजवळ पाहिलेलेच नाही. ‘हे काही साहित्य नव्हे’ म्हणून ते बाजूला ठेवण्यात सोय आहे, पण नुकसानही आहे. ही पुस्तके माणसाचे एक विशिष्ट चित्र रंगवतात आणि लाखो वाचक ते चित्र आरशासारखे समोर धरून स्वतःला जोखतात. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. परंतु या पुस्तकांत ज्या संशोधनाचा हवाला दिला जातो, ते मिळेल तसे वाचत आलो आहे. पुस्तकांतील माणूस आणि संशोधनातील माणूस यांत बरेच अंतर आहे, असे त्या वाचनातून दिसते. ते अंतर कुठे आणि कसे पडले, हा या लेखाचा विषय आहे.

१. एकवीस दिवसांची गोष्ट

कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याचा माग काढत गेले की आपण एका प्लास्टिक सर्जनपाशी पोहोचतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे ते अमेरिकी शल्यविशारद. १९६० साली त्यांचे ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटू लागायला निदान एकवीस दिवस जातात, असे त्यांचे निरीक्षण होते.

यात तीन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. हे दवाखान्यातले निरीक्षण होते, प्रयोग नव्हता. विषय सवय लावण्याचा नव्हता, तर झालेल्या बदलाशी जुळवून घेण्याचा होता. आणि त्यात ‘निदान’ हा शब्द होता. पुढे हा आकडा हातोहात फिरला तेव्हा पहिल्यांदा गळाला तो हा ‘निदान’. किमान मर्यादा होती ती हमी झाली. चेहरा बदललेल्या रुग्णाचा अनुभव पहाटे पाचला उठू पाहणाऱ्या माणसाला लावला गेला. बाविसाव्या दिवशी गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरणाऱ्या त्या माणसाने मग एकच निष्कर्ष काढला : सूत्र बरोबर आहे, आपल्यातच काही कमी आहे.

२. सहासष्ट आणि सदतीस

एकवीसचा आकडा खोडून काढण्यासाठी आता सहासष्टचा आकडा पुढे केला जातो. तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आला. हा अभ्यास २०१० च्या युरोपीय सामाजिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. ९६ स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी कृती निवडली, रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडली आणि ८४ दिवस नोंदी ठेवल्या. कृती आपोआप होऊ लागण्याच्या टप्प्याजवळ पोहोचायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक ६६ निघाला.

पण त्या मध्यांकाच्या दोन्ही बाजूंना काय होते? एका टोकाला १८ दिवस आणि दुसऱ्या टोकाला २५४. अभ्यास ८४ दिवसांचा, मग २५४ कुठून आले? ते मोजलेले नाहीत. नोंदींवरून काढलेली वक्ररेषा गणिताने पुढे वाढवून केलेला तो अंदाज आहे. शिवाय ही वक्ररेषा नीट जुळली ती ३९ जणांच्याच नोंदींना. संशोधकांनी हे काहीही लपवलेले नाही, शोधनिबंधात सगळे स्वच्छ लिहिलेले आहे. व्याख्यानात मात्र उरतो तो फक्त सहासष्ट. अठरा ते दोनशे चोपन्न हा पल्ला पाहिला, तर माणसामाणसांत आणि कृतीकृतीत केवढा फरक असतो, हाच या अभ्यासाचा खरा निष्कर्ष ठरतो. आपण त्यातून नेमका फरकच वजा केला.

दुसरा आकडा सदतीस. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षअखेर आपण सुमारे सदतीस पट चांगले होऊ, हे क्लिअर यांचे गाजलेले उदाहरण. एक पूर्णांक शून्य एकचा ३६५ वा घात सदतीसच्या पुढे जातो, त्यामुळे गणितात चूक नाही. मात्र हे गणित चक्रवाढ व्याजाचे आहे. चक्रवाढीत सुरुवातीला वाढ दिसतही नाही आणि शेवटी ती झेप घेते. लॅली यांच्या अभ्यासातली वक्ररेषा नेमकी उलटी आहे. पहिल्या काही आवृत्तींत मोठी वाढ, मग हळूहळू उतरती गती आणि शेवटी सपाटी. ती रेषा कृती किती आपोआप होते एवढेच मोजते, माणूस किती सुधारला हे मोजत नाही, हे खरे. पण सवय लागते ती अशी, सपाटीकडे जाणारी. तिला मुदत ठेवीची उपमा का सुचावी? कारण या पुस्तकांच्या कल्पनेतला माणूस हा स्वतःचाच गुंतवणूकदार आहे. तो स्वतःत भांडवल घालतो आणि परतावा मागतो.

लॅली यांच्या अभ्यासातली एक दिलासादायक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. मधे एखादा दिवस चुकला तर घडणाऱ्या सवयीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. खाडा झाला म्हणजे सारे मुसळ केरात, असे नसते.

३. सवय राहते कुठे?

सवय डोक्यात असते, असे आपण धरून चालतो. प्रयोग निराळे सांगतात. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहू. चित्रपटगृहात आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. ते चांगले लागत नव्हते, हे त्यांनीच सांगितले, तरी हात थांबला नव्हता. तेच शिळे पॉपकॉर्न बैठकीच्या खोलीत दिले तेव्हा मात्र या लोकांनी ते ताज्याइतके खाल्ले नाहीत. आणि चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हाही सवयीची पकड सुटली. माणूस तोच, जीभ तीच. बदलली ती जागा किंवा हात.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरल्याचे १९७१ मध्ये उघड झाले आणि अमेरिकेत घबराट उडाली. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये असताना सुमारे पाचव्या हिश्श्याचे सैनिक व्यसनाधीन होते. त्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेलेले साधारण पाच टक्के निघाले. या निष्कर्षावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. युद्धभूमी, तिथला कंटाळा आणि भीती, सहज मिळणारा माल आणि तो ओढणारे सोबती, हे सारे मागे राहिले आणि बहुतेकांचे व्यसनही तिथेच राहिले. सगळी व्यसने अशी सुटतात असा अर्थ यातून काढू नये. पण व्यसनी माणूस म्हणजे कणा नसलेला माणूस, ही समजूत मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

न्यायाने बोलायचे तर डुहिग आणि क्लिअर या दोघांनाही हे माहीत आहे. डुहिग यांच्या पुस्तकाचा मोठा भाग संस्था आणि समाज यांच्या सवयींवर आहे. क्लिअर यांनी परिस्थितीवर आणि कुटुंब-मित्रांच्या प्रभावावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. अडचण आहे ती पुढच्या पायरीवर. परिस्थिती महत्त्वाची, असे म्हटल्यावर पुस्तक वाचकाला सांगते : मग तुझी परिस्थिती तू बदल. बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर ठेव, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, चांगल्या सवयी असलेल्या मंडळींत ऊठबस कर. ज्याला दुसरी खोली आहे, त्याच्यासाठी हा सल्ला उत्तम आहे.

४. मराठी क्रियापदे काय सांगतात

इथे आपल्या भाषेकडे वळायला हवे. इंग्रजीत एका शब्दात जे गोळा होते त्याला मराठीत कितीतरी शब्द आहेत : सवय, खोड, नाद, व्यसन, वळण, शिस्त, नेम, पथ्य, सराव, रियाज. त्यांची क्रियापदेही वेगवेगळी. सवय लागते, खोड जडते, नाद सुटतो, वळण लावले जाते, नेम धरला जातो, पथ्य पाळले जाते, काम अंगवळणी पडते, लिहिता लिहिता हात बसतो.

‘मला सवय लागली’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. थंडी वाजावी, भूक लागावी तशी सवय मला लागते. ‘मुलाला वळण लावले’ यात कर्ता दुसराच कोणी आहे, आई, आजी, गुरुजी. आणि ‘अंगवळणी पडले’ यात तर मन नाहीच, वळले आहे ते अंग. सवयीच्या पुस्तकांच्या मराठी अवतारात मात्र ‘तुम्ही सवय निर्माण करा’, ‘तुमच्या सवयींचे शिल्पकार व्हा’ अशी वाक्ये येतात. सवय निर्माण करणे हा प्रयोग मराठी कानाला अजूनही थोडा खटकतो. तो कारखान्यातून आल्यासारखा वाटतो, कारण निर्माता कोण हे आपल्या भाषेने एवढ्या ठामपणे कधी ठरवलेले नव्हते.

याचा अर्थ मराठी माणसाला स्वतः काही करताच येत नाही, असा नव्हे. ‘नेम’ हा शब्द पाहा. नेम धरणारा कर्ता मीच असतो. पण नेम एकट्याने धरला तरी तो एकट्याचा राहत नाही. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ घ्या. माळ घातली की मद्यमांस सोडायचे, एकादशी करायची, वारी चुकवायची नाही. ही माळ घालणाऱ्याला आठवण देते, तशीच ती पाहणाऱ्यालाही सांगते. लग्नाच्या पंगतीत माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही आणि मित्र त्याच्यापुढे पेला सरकवत नाहीत. दिंडीत त्याची जागा ठरलेली असते आणि ती रिकामी दिसली तर चौकशी होते. ज्याला आज ‘इच्छाशक्ती’ म्हणतात, तिचे बरेचसे ओझे इथे गळ्यातल्या मण्यांनी आणि सोबतच्या माणसांनी वाटून घेतलेले आहे.

परंतु परंपरेचे गोडवे गाऊन इथेच थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. ज्या वाटेवर हा नेम शतकानुशतके पाळला गेला, तिच्या शेवटी असलेल्या मंदिराच्या बाहेर चोखोबांना थांबावे लागले आणि ते दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. सोबत चांगले वळण टिकवते, तशीच वाईट वळणेही टिकवते. सवय समूहात राहते असे म्हटले, की ती कोणाच्या फायद्याची, हा प्रश्न टाळता येत नाही.

५. जेम्स, ड्युई आणि महाड

हा प्रश्न या विषयाच्या आधुनिक अभ्यासाच्या मुळाशीच आहे. विल्यम जेम्स यांच्या ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ (१८९०) या ग्रंथातील सवयीवरचे प्रकरण आजही उद्धृत केले जाते. नव्या सवयीची सुरुवात जोरदार करा, ती पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका, हा उपदेश तिथलाच. खाड्याबाबत लॅली यांचा अभ्यास काय सांगतो, ते वर आलेच आहे. पण त्याच प्रकरणात जेम्स सवयीला समाजयंत्राचे गती राखणारे अवजड चाक म्हणतात. कोळ्याला हिवाळी समुद्रावर आणि खाणकामगाराला अंधारात टिकवून धरते ती सवय. समाजाचे थर एकमेकांत मिसळू देत नाही ती सवय. आणि गरिबांच्या उठावापासून सुखवस्तूंना वाचवते तीही सवयच, असे ते सरळ लिहितात. उपदेश आजच्या पुस्तकांत आला, हे मात्र आले नाही.

जेम्स यांच्या विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे जॉन ड्युई. १९२२ च्या ‘मानवी स्वभाव आणि वर्तन’ या पुस्तकात ते पोक काढून उभ्या राहणाऱ्या माणसाचे उदाहरण देतात. ‘ताठ उभा राहा’ एवढे सांगितल्याने आणि त्याने मनावर घेतल्याने तो ताठ होईल, असे मानणे म्हणजे जादूवर विश्वास ठेवणे. सवय थेट बदलता येत नाही, ती ज्या परिस्थितीने धरून ठेवली आहे ती बदलावी लागते. या ड्युईंच्या वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत होते. कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा काळ १९१३ ते १९१६. ड्युईंचे हे पुस्तक त्यानंतरचे, त्यामुळे त्याच्या थेट प्रभावाचा दावा मी करत नाही. पण महाडमध्ये १९२७ साली जे घडले ते सवयीच्या दृष्टीने वाचले, तर ड्युईंचे म्हणणे आपल्या मातीत उभे राहिलेले दिसते.

मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर बंदी उठली. तरी तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही. याला नुसती सवय म्हणणे अपुरे आहे. २० मार्च १९२७ रोजी लोक चालत गेले, पाणी प्याले आणि नंतर त्यांना मारहाण झाली. त्या ‘सवयी’च्या मागे लाठी उभी होती. सवय बदलण्याची किंमत असते आणि ती बहुधा दुसरे कोणी वसूल करते, हे सवयीच्या पुस्तकांत कुठेच लिहिलेले नसते.

याच परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन झाले. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेनंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जातीची खूण सांगणारे गळ्यातले आणि हातातले जड दागिने टाका, लुगडे वरच्या जातीच्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, मुलींना शिकवा. सत्याग्रहात सोबत असलेल्या चित्रे आणि टिपणीस कुटुंबांतील स्त्रियांनी तसे लुगडे नेसण्यास मदत केली आणि स्त्रियांनी त्याच मुक्कामी नेसण्याची पद्धत बदलली, असे या प्रसंगाच्या वर्णनांत आढळते.

लुगडे नेसणे ही अंगवळणी पडलेली कृती म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. बोटांनाच निऱ्या माहीत असतात. अशी सवय एका मुक्कामात बदलली, ती कशाने? जुन्या ओळखीची खूण अंगावरून उतरली. नवे कसे करायचे हे कुणीतरी हाताला धरून दाखवले. एकटीने नव्हे, सगळ्यांनी मिळून केले, त्यामुळे गावी परतल्यावर हसणाऱ्यांना तोंड द्यायला सोबत होती. आणि बदल कशासाठी, याचे उत्तर स्वतःच्या सन्मानात होते, परताव्यात नव्हते. ‘स्वतःची ओळख बदला म्हणजे सवय बदलेल’ हे आजच्या पुस्तकांचे आवडते सूत्र आहे. महाडने ते फार आधी करून दाखवले. फरक एवढाच की तिथे ओळख बदलली ती आरशासमोर एकट्याने नव्हे, तर इतरांच्या साक्षीने आणि काहींच्या विरोधात.

६. मिश्रीची कसोटी

कोणत्याही विचाराची कसोटी तो ज्याला सर्वांत कमी लागू पडतो अशा माणसावर घ्यावी. सवयीच्या पुस्तकांसाठी मी ती मिश्री लावणाऱ्या बाईवर घेतो. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली काळी पूड बोटाने दातांना चोळायची, ही आपल्या ग्रामीण भागातल्या असंख्य स्त्रियांची रीत. दात घासण्याच्या निमित्ताने सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे, हे भिंतीवरच्या फलकांनी तिला सांगून झाले आहे.

डुहिग यांच्या चौकटीत खूण, कृती आणि बक्षीस शोधा आणि कृती बदला, असे सांगितले जाईल. ठीक. खूण कोणती? पहाटेचा पोटातला खड्डा, चुलीपुढची घाई, दुपारी खुरपणीत वाकलेली पाठ. बक्षीस कोणते? भूक मरते, आणि परसदारी दोन मिनिटे बसायला मिळते. मिश्री लावत असलेल्या बाईला त्या दोन मिनिटांत सहसा कोणी काम सांगत नाही. तिच्या दिवसातली तीच हक्काची विश्रांती. आता तिला ‘मिश्रीऐवजी बडीशेप’ असे सांगणाऱ्याने त्या दोन मिनिटांचे काय होणार, याचे उत्तर दिले पाहिजे. तिची सवय तिच्या एकटीची नाही. तिच्यात घरातली कामाची वाटणी आहे, जेवण्याच्या पंगतीतला शेवटचा क्रमांक आहे, शेतावरची मजुरी आहे. तिला निर्धार नाही असे म्हणणे हा अज्ञानातून आलेला अपमान आहे.

म्हणून मिश्री सोडवायची असेल तर तंबाखूचे तोटे सांगण्याच्या जोडीला घरात सकाळी पाणी कोण भरतो, हेही विचारावे लागेल. पाच-सात जणींनी मिळून सोडली तर सुटण्याची शक्यता अधिक, कारण नेमाला सोबत लागते. आणि एखाद्या दिवशी बोट पुन्हा दाताकडे गेले, तर सारे फुकट गेले असे तिला कोणी सांगू नये.

सवयीची पुस्तके वाचू नयेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांतल्या कितीतरी युक्त्या उपयोगी आहेत आणि ज्याच्या हाती स्वतःची सकाळ आहे त्याने त्या जरूर वापराव्यात. त्यांच्या शेवटी बहुधा एक कोरा तक्ता असतो : तारीख, सवय आणि बरोबरची खूण करायला चौकोन. हा तक्ता भरू पाहणाऱ्या वाचकाने त्यात पेनाने आणखी दोन रकाने आखून घ्यावेत. ‘ही वेळ कुणाच्या हातात आहे?’ आणि ‘माझ्यासोबत कोण आहे?’ हे दोन रकाने कोरे राहिले, तर तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या दिसणाऱ्या चौकोनांचा दोष स्वतःच्या माथी मारण्याचे कारण नाही.